पाचवं कडवं

न्यूयॉर्क, ९ फेब्रुवारी १९५४

प्रिय लुडीताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच चुलीत घातलं नसशील, अशी आशा धरून लिहितोय. घातलं असशील तर थोडी शाई फुकट गेली, दुसरं काय.

सत्तावीस वर्षं झाली. तुझं शेवटचं पत्र मार्च सत्तावीसचं. त्यात दोनच ओळी होत्या आणि दोन्ही मला पाठ आहेत, इथे परत लिहीत नाही. मी बासष्टचा झालो. गुडघे गेले. गाण्यांचा धंदा बसल्यावर एका इमारतीत लिफ्ट चालवायला लागलो. वर-खाली, वर-खाली, बावीस वर्षं. गेल्या साली तेही सुटलं. एकशे अडतिसाव्या रस्त्यावर मिसेस गॅड्सन म्हणून एक विधवा बाई आहे, साउथ कॅरोलायनाची, तिची मागची खोली मी भाड्याने घेतली आहे. बाई मनाने चांगली आहे, तोंडाने नाही.

पत्राचं कारण सांगतो. एक दातांचा डॉक्टर माझ्यामागे लागलाय. दातांसाठी नाही, दात उरलेत कुठे. हॅल्परिन त्याचं नाव. गोरा माणूस, नूअर्कला दवाखाना आहे. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, याचं चांगलं भरतं, आणि उरलेल्या वेळात हा आपल्या लोकांच्या जुन्या तबकड्या शोधत लोकांच्या माळ्यांवर चढतो. त्याने एक यादी केली आहे. वर लिहिलंय, ‘थॅडियस पर्नेल यांची ध्वनिमुद्रित गीतं’. खाली एकसष्ट नावं. प्रत्येकापुढे कोण गायलं, कधी गायलं, तबकडीचा नंबर काय. मी जगलो ते कुणीतरी टिपून ठेवलंय, आणि मलाच त्यातलं निम्मं आठवत नाही. एक गाणं कुणाच्या तरी बुलडॉगवर आहे. म्हटलं, डॉक्टर, हे माझं नसावं. तर त्याने तबकडीच काढून दाखवली. नाव छापलेलं, माझंच. तेव्हा सकाळी लिहायचं, दुपारी विकायचं आणि दुसऱ्या दिवशी विसरायचं अशी रीत होती. दारूच्या चार पेल्यांवर लिहिलेलं गाणं बुलडॉगचं निघालं तर नवल नाही.

चौतिसावा नंबर मात्र मी विसरलेलो नाही. ‘आटल्या पाण्याचा ब्लूज’, क्लिओटा बँक्स, ऑक्टोबर १९२६.

डॉक्टर म्हणाला, “मिस्टर पर्नेल, बाकीची साठ एकीकडे आणि हे एकीकडे. शेवटची ओळ! त्या काळात असं गाणं संपवायची कुणाची छाती होती? तुम्हाला सुचलं कसं?”

मी मान डोलावली. ताई, मी नुसती मान डोलावली, जसं काही सुचलं होतं खरंच.

त्याला आता माझी बारा गाणी एका मोठ्या तबकडीवर काढायची आहेत. हे सगळ्यांत शेवटी. पाकिटावर माझा फोटो. त्याआधी एका कागदावर सही हवी, की सगळे शब्द माझेच आहेत. कागद चार दिवस टेबलावर पडलाय. मी त्यावर कॉफीचा पेला ठेवतो, म्हणजे वाचावा लागत नाही.

ते शब्द कुणाचे हे तुला सांगायला नको. पंचवीस साली तुझा आमोस फेब्रुवारीत गेला आणि इस्टरला तू देवळात साक्ष द्यायला उभी राहिलीस. मी पंधरा दिवसांसाठी घरी आलेलो होतो. तिसऱ्या बाकावर बसून, मयताच्या सामानवाल्याची जाहिरात असलेल्या त्या पुठ्ठ्याच्या पंख्यावर, मागच्या कोऱ्या बाजूला, मी पेन्सिलीने तू बोलत होतीस ते उतरवून घेतलं. सिस्टर ओडम शेजारी होती, ती माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, “लिही बाळा, लिही, भाच्याची आठवण राहील.” तू बोललीस तेच शब्द. मी फक्त यमकं घट्ट केली.

पाचव्या कडव्याचं मी तुला तेव्हाच कळवलं होतं. तबकडी तीन मिनिटांची. चौथं कडवं संपलं आणि लाल दिवा लागला. त्यात माझा इलाज नव्हता.

सही करू की नको, तेवढं कळव.

तुझा भाऊ,
थॅड

*

न्यूयॉर्क, २ मार्च १९५४

प्रिय ताई,

तुझं कार्ड आलं. कार्ड कशाला पाठवलंस गं? पोस्टमनने ते मिसेस गॅड्सनच्या हातात दिलं, आणि कार्ड न वाचता देईल तर ती बाई कसली! माझ्या दारात उभी राहून मोठ्याने वाचलंन्, “‘पाचवं कडवं कुठे आहे?’ काय हो पर्नेल, हे कसलं कोडं? बायबलातलं आहे का?”

म्हटलं, घरचं आहे.

“घरचं असेल तर उत्तर द्या की. बाईने सही नाही केली, ‘प्रिय’ नाही लिहिलं, खुशाली नाही विचारली. एवढं रागावून कोण लिहितं? फक्त बायको नाहीतर बहीण.”

तर उत्तर देतो. पहिल्यापासून सगळं सांगतो, म्हणजे तुला पटेल.

कंपनी लहान होती, खोलीही लहान. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना घोंगड्या लावलेल्या. मेणाच्या जाड चकत्या गरम कपाटात ठेवायच्या, गार झाल्या की त्यांवर आवाज उमटत नाही. भिंतीतून एक पत्र्याचा कर्णा बाहेर आलेला, त्याच्या तोंडात तोंड घालून गायचं. क्लिओटाने बूट काढून ठेवले, कारण टाच वाजली तर तीही मेणात जायची. मी त्या कंपनीत गाण्यांचा माणूस होतो. गाणारी मीच शोधायची, शब्द मीच द्यायचे, आणि गाताना क्लिओटाच्या बाजूला कागद धरून उभं राहायचं, कारण तिला वाचता यायचं नाही फारसं, मी ओठ हलवून दाखवायचो. मशीनवाला काचेमागे. मेण संपत आलं की तो लाल दिवा लावायचा आणि मग जिथे असाल तिथे थांबायचं. गाण्याचं नरडं आवळल्यासारखं. सगळ्यांचंच व्हायचं असं.

क्लिओटाने चौथं म्हटलं,

देवा, तुला हाक मारली, नाव घेऊन सात वेळा,
देवा, हाक मारली मी, नाव घेऊन सात वेळा,
डॉक्टर आला नाही आणि तूही नाही आला.

आणि दिवा लागला. आता मी काय करणार होतो सांग? मेण वाढवणार होतो?

पुढे काय झालं ते मला ठाऊक आहे. व्हर्लीनने तेव्हा लिहिलं होतं, मामेबहिणीचं कर्तव्य म्हणून. शनिवारच्या मासळीच्या जेवणावळीत कुणीतरी मशीन आणलं, तबकडी लावली आणि पेकन बेंडच्या अर्ध्या गावाने ओळखलं की हे लुडीचं. आपल्या देवळात साक्ष आभारावर संपली पाहिजे. घर जळू दे, पीक वाहून जाऊ दे, पोरगं जाऊ दे, शेवटी ‘तरीही प्रभू, तुझे आभार’ म्हणूनच खाली बसायचं. नाहीतर ती साक्ष नाही, तक्रार. आणि तुझं गाणं जगभर तक्रार होऊन वाजलं. पाळक एल्डर टब्जनी तुला मागच्या बाकावर बसवलं, आणि तू परत कधी साक्षीला उभी राहिली नाहीस. अख्ख्या परगण्यातली माणसं जिची साक्ष ऐकायला खेचरगाड्या जुंपून यायची, ती तू.

ते माझ्यामुळे झालं हे मान्य. पण मुद्दाम नव्हे. लाल दिव्यामुळे. आईची शपथ.

डॉक्टर हॅल्परिन दर रविवारी दुपारी येतो. सही झाली का विचारत नाही, नुसता कागदाकडे बघतो. तबकडीच्या पाकिटासाठी त्याने चार पानं लिहून आणली आहेत, त्यांतलं दीड पान माझ्या त्या शेवटच्या ओळीवर आहे. ‘ज्या काळात प्रत्येक दुःखाला सांत्वनाची शेपटी जोडायची सक्ती होती, त्या काळात पर्नेल यांनी’ आणि पुढे बरंच काही. ऐकताना माझे कान गरम झाले. बावीस वर्षं लोक मला ‘आठवा मजला’ एवढंच म्हणत होते.

सहीचं तू काहीच लिहिलं नाहीस.

थॅड

*

न्यूयॉर्क, २१ मार्च १९५४

ताई,

आईची शपथ मी खोटी घेतली.

आज डॉक्टर आला तो कोट न काढताच खुर्चीत बसला. हातात चौकोनी पुडकं. म्हणाला, “मिस्टर पर्नेल, आज तुमच्यासाठी काय आणलंय सांगा!” लग्नाला निघालेल्या माणसासारखा चेहरा. क्लिओटा बिचारी अडतीस सालीच वारली. तिची बहीण नूअर्कलाच राहते. तिच्या पेटीत, कपड्यांच्या तळाशी, कंपनीने क्लिओटाला ऐकायला दिलेली नमुन्याची तबकडी सापडली. बाजारात कधी न आलेली. त्याच दिवशी गायलेलं तेच गाणं, पण वेगळ्या मेणावर.

मला माहीत होतं त्यात काय आहे. म्हटलं, डॉक्टर, माझं डोकं दुखतंय, पुढच्या रविवारी ऐकू. पण मशीन आहे मिसेस गॅड्सनच्या बैठकीत, आणि ती तोवर झाकण उघडून तयार.

ऐकलं. चार कडवी झाली. मग क्लिओटाने श्वास घेतला, तो श्वाससुद्धा ऐकू येतो, आणि पाचवं म्हटलं.

दिवे लागले तेव्हा कळलं, तू होतास उशाशी,
दिवे लागले, मग कळलं, तू होतास उशाशी,
लेकरू माझं तूच नेलंस, धरून पोटाशी.

वर पियानोचे चार सूर, आणि मग थांबलं. डॉक्टरच्या हातात ठोका मोजायचं घड्याळ होतं. दोन मिनिटं चोपन्न सेकंद.

मिसेस गॅड्सन म्हणाली, “हे घ्या! बसलं की सगळं! पाचवं कुठे आहे म्हणून त्या बाईने कार्ड लिहिलं होतं ना? हे काय, इथे आहे.” आणि माझ्याकडे बघून गप्प झाली. ती बाई गप्प झाली म्हणजे माझं तोंड कसं झालं असेल ते बघ.

लाल दिवा लागलाच नव्हता, ताई. कधीच नाही. पहिल्यांदा गायली ते असं पूर्ण. मशीनवाल्याने अंगठा वर केला, उत्तम म्हणून. मीच म्हटलं, अजून एकदा घेऊ, आणि या वेळी चौथ्यावर थांबायचं. क्लिओटाने माझ्याकडे पाहिलं. “थॅड, असं उघड्यावर सोडायचं बाईला? पांघरूण तरी घाल.” मी म्हटलं, तू गा. तिने गायलं. चौथं संपलं आणि कुणी हललं नाही. काचेमागचा तो आयरिश मशीनवाला डोळे पुसत होता, आणि त्याला आपल्या लोकांचं एरवी काडीचं सोयरसुतक नव्हतं. पाचवं होतं तेव्हा गाणं चांगलं होतं. पाचवं काढलं आणि ते अंगावर आलं. माझे कान कधी मला फसवत नाहीत. दोन मेणांमधलं कुठलं छापायचं हे विचारलं गेलं मलाच, आणि मी दुसऱ्यावर बोट ठेवलं.

हे मी तेव्हा लिहू शकलो असतो. पण तू विचारलंस तोवर तबकडी दुकानादुकानांत वाजत होती, मला लोक रस्त्यात थांबवून हात मिळवत होते. तुला काय लिहू, की तुझं दुःख आभारांशिवाय जास्त खपतं? म्हणून लाल दिवा लावला. एकदा लावला, मग तो विझवता येईना. सत्तावीस वर्षं मी लोकांना तीच गोष्ट सांगत आलोय, इतकी की कधी कधी मलाच तो दिवा दिसतो.

डॉक्टरला मी सगळं सांगितलं. शब्द तुझे, तेही. त्याने टोपी हातात घेतली. मग म्हणाला, “म्हणजे ती शेवटची ओळ...” आणि वाक्य अर्धंच सोडलं. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं ते किडका दात असावा तसं.

नमुन्याची ती तबकडी मी त्याच्याकडून मागून घेतली आहे. माझ्या दोन गरम बनियनांत आणि आठवड्याभराच्या वर्तमानपत्रांत गुंडाळून तुला पाठवतोय. तुझ्या घरात मशीन नाही आणि ब्लूजची तबकडी उंबऱ्याच्या आत तू येऊ देणार नाहीस, हे माहीत आहे. व्हर्लीनकडे जाऊन ऐक. तुझ्या पाचव्या कडव्याचा तेवढाच पुरावा जगात आहे. एल्डर टब्ज वारले असतील, जे कुणी आता पाळक असतील त्यांना ऐकव. मागच्या बाकावरून उठ.

थॅड

*

न्यूयॉर्क, ६ एप्रिल १९५४

ताई,

तबकडी पोचली का? फुटली तर नाही? तुझं काहीच नाही. कार्डही नाही. मिसेस गॅड्सन रोज पोस्टमनला गाठते आणि मग माझ्याकडे बघून मान हलवते.

डॉक्टर परत आला. मला वाटलं होतं, येणार नाही. म्हणाला, “दोन्हींतलं एक तुम्ही निवडा. पुन्हा एकदा. सत्तावीस वर्षांनी अशी संधी कुणाला मिळते?” तेवीस तारखेला, इस्टरनंतरच्या शुक्रवारी, त्याला सगळं कारखान्यात द्यायचं आहे. त्याच्या मनात चार कडव्यांचंच काढावं असं आहे. दीड पान लिहून बसलाय ना.

मी ठरवलंय. पाच कडव्यांचं निघेल. खाली तुझं नाव असेल, आणि पाकिटावर छापून येईल की थॅडियस पर्नेल याने आपल्या बहिणीची साक्ष न विचारता घेतली, तिचा शेवट कापला आणि वर दिव्यावर ढकललं. माझ्या हाताने लिहून ठेवलंय. सही पण केली. डॉक्टरच्या कागदावर नाही, या कागदावर.

एक गोष्ट मात्र कबूल करतो, तुझ्यापाशी नाही करायची तर कुणापाशी. मला वाईट वाटतंय. खूप वाटतंय. एकसष्ट गाण्यांत लोकांच्या लक्षात राहिलेली एकच ओळ होती, तीही माझी नव्हती. माझी होती ती फक्त कात्री. तिच्याबद्दल मी दोन महिने मान डोलावत होतो. पाचवं कडवं परत जोडलं की कात्रीही गेली. मग उरतो बुलडॉग.

पण तू सत्तावीस वर्षं गप्प बसलीस. त्यापुढे माझं वाईट वाटणं कसलं. आता दमलोय गं. खोटं सांभाळायलाही अंगात जोर लागतो.

तेवीसच्या आत तुझा एक शब्द आला तर बरं. नाही आला तरी मी ठरवलंय तेच करणार.

थॅड

*

पेकन बेंड, १३ एप्रिल १९५४

थॅडियस,

तबकडी नीट पोचली. बनियनं धुऊन वाळवली आहेत. एकाला मुठीएवढं भोक आहे. तुला बायको नाही हे कळायला दुसरं पत्र नको.

व्हर्लीनकडे गेले. ती म्हणाली, बाई, तू आणि ब्लूज! आज सूर्य कुठून उगवला? तिला स्वयंपाकघरात घालवली आणि एकटीने ऐकली. आधी ही, मग तिच्याकडे जुनी होती ती चार कडव्यांची. आपल्या घरातलं दुःख तिनेही सांभाळून ठेवलं होतं, मला न सांगता. दोन्ही तीन-तीनदा ऐकल्या. ती गाणारी मेली म्हणतोस, मला तिला भेटायला आवडलं असतं. पांघरूण घाल म्हणाली ती. शहाणी बाई.

तुझी चारही पत्रं पुढ्यात घेऊन बसले आहे. तू फार रडतोस. लहानपणीही तसाच होतास, अंडी तू फोडायचास, वर भोकाड तूच पसरायचास. आता गप्प बस आणि मी सांगते ते ऐक.

एल्डर टब्जनी मला मागे बसवलं नाही. ते व्हर्लीनचं डोकं. एल्डर माझ्या घरी आले, या खुर्चीवर बसले, ताक प्यायले. म्हणाले, “सिस्टर लुडी, तुमच्या भावाने शेवट खाल्ला, हे आम्हाला कळतंय. आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं की हो. रविवारी उभ्या राहा, पाचही म्हणा, विषय संपला.” एवढा भला माणूस. तबकडी वगैरे काही पुरावा लागत नव्हता, थॅड. मी म्हटलं की झालं असतं.

रविवारी उभी राहिले. पंखे थांबले. पहिलं म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. चौथं म्हटलं. पुढे तोंड उघडं आणि आत काही नाही. सिस्टर ओडम पुढून ओठ हलवून सांगत होती, ‘दिवे लागले’, ‘दिवे लागले’. मला शब्द आठवत नव्हते असं नाही. मला म्हणता येईनात.

कारण दिवे लागले तेव्हा उशाशी कुणी नव्हतं. मी होते आणि पाणी होतं. सकाळपासून तीनदा आटलेलं, चौथ्यांदा ठेवलेलं. आमोस गार झाला तरी मी ते तापत ठेवलं, डॉक्टर आला तर त्याला लागेल म्हणून. पाचवं कडवं मी इस्टरच्या सकाळी केस विंचरताना जुळवलं, कारण साक्षीला शेवट लागतो, आणि गाव बसलं होतं, आणि मला आपल्या लोकांसमोर देवाची लाज राखायची होती. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं होतं, दोन वर्षं. मग तुझी तबकडी आली. पहिल्यांदा ऐकली तेव्हाच कळलं. मी इतकं नीट झाकलेलं, आणि या गाढवाने बरोबर तिथेच कापलं जिथे खोटं सुरू होत होतं.

म्हणून तुझ्यावर रागावले. तू खोटं केलंस म्हणून नाही. मग देवळात जायचं सोडलं नाही, पण मागे जाऊन बसले. मीच. पुढे बसलं की साक्षीला उभं राहावं लागतं.

‘पाचवं कडवं कुठे आहे’ हे मी का विचारलं माहीत आहे? मला वाटायचं, तुला माहीत असेल. तिसऱ्या बाकावर बसून लिहीत होतास तेव्हाच तुला कळलं असेल, आणि म्हणून काढलंस. सत्तावीस वर्षं मी धरून चालले होते की या जगात एका माणसाला माहीत आहे. तू लाल दिवा लाल दिवा करत बसलास. आता कळलं, माहीत तुला काहीच नव्हतं, नुसते कान होते. असो. कान चांगले आहेत.

न विचारता नेलंस आणि वर आपलं नाव लावलंस, ते मी विसरलेले नाही, आणि त्याची माफी एका बनियनात गुंडाळून मिळत नाही. ते आपण समोरासमोर बघू. पण ते पाकिटावरचं तुझं रडगाणं फाडून टाक. आणि पाच कडव्यांचं काढायचं नाही. चारचंच काढ. दातांच्या डॉक्टरला म्हणावं, त्या दीड पानात पर्नेल म्हणून ज्याची स्तुती केली आहे तो पुरुष नाही, बाई आहे, तेवढं दुरुस्त कर.

नाव नीट घाल. शब्द, लुडेल पर्नेल स्टोक्स. आणि खाली लिही, आमोसची आई. नुसतं लुडेल घातलंस तर मी स्वतः न्यूयॉर्कला येईन.

परवा मी पाळकांना सांगून आले. आताचे पाळक तरुण आहेत, त्यांना जुनं काही ठाऊक नाही. म्हटलं, येत्या रविवारी, इस्टरला, मला साक्ष द्यायची आहे. ते म्हणाले, “मदर स्टोक्स, देवाची स्तुती असो, तुमची साक्ष तर मी कधी ऐकलीच नाही!” म्हटलं, थोडी लांब आहे, पण शेवट फार नाही.

मी चार कडवी म्हणेन आणि खाली बसेन. कुणी आमेन म्हटलं तर म्हणू दे. नाही म्हटलं तरी मी पुढच्याच बाकावर बसणार आहे.

लुडी